इंग्रजी ही देवी नाही आणि शब्द म्हणजे मंत्र नव्हेत

आपल्या वस्त्यांतल्या अनेक अभ्यासिकांमध्ये आता इंग्रजीचा वर्ग चालतो. तो उभा करायला कार्यकर्त्यांनी स्वतःच्या खिशातले पैसे घातलेत, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शिकवायला माणसं येतात, हे मी रोज पाहतो. पण त्या वर्गात नेमकं चालतं काय? फळ्यावर 'आजचे दहा शब्द' लिहिलेले असतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मुलं ते वहीत उतरवतात, घरी घोकतात, दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवतात. ज्याला आले तो हुशार, ज्याला आले नाहीत तो ढ. मग पुढचे दहा शब्द. वर्षअखेर वही भरते. त्याच मुलासमोर इंग्रजी वर्तमानपत्रातली साधी बातमी ठेवली तर तो दुसऱ्या ओळीत अडकतो.

माझा आक्षेप या पद्धतीवर आहे. तिने पोरांचा वेळ जातो, एवढंच माझं म्हणणं नाही. ही पद्धत ज्या परंपरेतून आली ती परंपरा आपण 1956 साली सोडली, आणि तरी आपण ती आपल्याच पोरांवर चालवतो आहोत, हे माझं खरं म्हणणं आहे.

आधी मातृभाषावाल्यांचा हिशेब

असं काही लिहिलं की मातृभाषेचे कैवारी लगेच खूश होतात. 'बघा, आम्ही म्हणतच होतो, इंग्रजीचा सोस सोडा!' त्यांना आधीच सांगतो, मी तुमच्या बाजूचा नाही. 2000 साली महाराष्ट्रात रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना सरकारी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मराठीच्या नावाने केवढा गहजब झाला होता! पण बंगल्यातली पोरं तर कधीचीच इंग्रजी शाळेत जात होती. तेव्हा मराठी बुडाली नाही. झेडपीच्या शाळेतल्या मजुराच्या पोरीने पहिलीत इंग्रजी मुळाक्षरं गिरवली आणि मराठी धोक्यात आली!

सावित्रीमाईंनी 1854 सालच्या 'काव्यफुले'मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलं. बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. कुणी कोणती भाषा शिकायची हे या देशात जातीने ठरवलेलं आहे. त्यामुळे 'तुम्ही तुमच्याच भाषेत राहा' हा सल्ला आपल्याला कुणी फुकट देऊ नये. इंग्रजी आपल्याला हवीच आहे. वाद आहे तो ती कशी शिकवायची याचा.

देवी झाली की मंत्र आलेच

आता आपल्या लोकांशी बोलतो. 2010 साली उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावात 'इंग्रजी देवी'चं मंदिर उभारायला सुरुवात झाली. कल्पना चंद्रभान प्रसाद यांची. त्यांचा हेतू मला समजतो. गावातल्या बाईला तिच्या ओळखीच्या भाषेत सांगायचं की बाई गं, सरस्वतीने तुला दिलं काय? ही घे, ही तुझ्या पोरीला नोकरी देईल. सरस्वतीला दिलेलं उत्तर म्हणून ते झणझणीत आहे.

पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने इथे थांबायला हवं. देवी म्हटलं की भक्ती आली, भक्ती आली की मंत्र आला. आणि मंत्र समजावा लागत नाही, तो बिनचूक म्हणता आला की पुरे. मंदिर फक्त बांक्यातच उभं राहिलं असं समजू नका. आपल्या अभ्यासिकेत फळ्यावरचे दहा शब्द अर्थ न उलगडता घोकले जातात, तिथेही तेच मंदिर आहे, फक्त मूर्ती नाही.

अर्थापेक्षा उच्चाराला महत्त्व, प्रश्न विचारण्यापेक्षा घोकण्याला महत्त्व, आणि चुकीचा उच्चार झाला की पाप. ही वेदपाठशाळेची रीत आहे. तिथे ती चालते, कारण तिथे ज्ञान राखायचं असतं, वाटायचं नसतं. बुद्धाने नेमकी हीच रीत नाकारली. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंची गोष्ट आहे. वेगवेगळ्या कुळांतले, वेगवेगळ्या प्रदेशांतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलतात, त्याने ते बिघडतं, म्हणून ते छंदात बांधू या, असं ते दोघे म्हणाले. बुद्धाने त्यांना फटकारलं आणि आपापल्या बोलीत शिकण्याची परवानगी दिली. मज्झिम निकायातल्या अरणविभंग सुत्तात तर शब्दांचाच धडा आहे. एकाच भांड्याला कुठे पाती म्हणतात, कुठे पत्त, कुठे सराव, कुठे आणखी काही. ज्या प्रदेशात जो शब्द चालतो तो वापरा, 'हाच शब्द खरा, बाकी खोटे' असा हट्ट धरू नका, असं बुद्ध सांगतात. दुसरी भाषा शिकवणाऱ्याने हे सुत्त एकदा वाचावंच. शब्द हे भांडं आहे, त्यात काय आहे ते बघायचं असतं.

इथे कुणी म्हणेल, भिक्खूंनीही तिपिटक पाठ करूनच शेकडो वर्षं टिकवलं ना? टिकवलं. पाठांतराशी माझं भांडण नाही, अर्थ बाजूला ठेवून केलेल्या पाठांतराशी आहे. त्याची खूण आपल्याच विहारात सापडते. रविवारी वंदनेला बसलेल्या दहा मुलांना विचारा, 'वेरमणी' म्हणजे काय? 'समादियामि' म्हणजे काय? शब्द सगळ्यांना तोंडपाठ असतात. अर्थ सांगणारी किती निघतात ते तुम्हीच मोजा. 'सिक्खापदं' मधल्या 'सिक्खा'चा अर्थ मुलं अंदाजाने 'शिक्षा' सांगतात, आणि मराठीत शिक्षा म्हणजे छडी! शील म्हणजे चुकलं तर मिळणारा दंड, असा अर्थ घेऊन ते पोर घरी जातं. सिक्खा म्हणजे शिकणं, स्वतःला वळण लावणं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पालीत जे होतं तेच इंग्रजीत होतं.

यादीत नेमकं काय बिघडतं

'भावनिक बोलू नका, पद्धतीत चूक काय ते सांगा,' असं म्हणणाऱ्यांसाठी मुद्देसूद सांगतो.

पहिली गोष्ट, विसरणं. दिवसाला दहा म्हणजे वर्षाला 3650 शब्द, असा हिशेब मुलांना ऐकवला जातो. हा हिशेब माणसाच्या मेंदूला मान्य नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की नुसतं घोकलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच भराभर विसरलं जातं. तेच थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा आठवलं तर टिकतं. आपल्या फळ्यावर मात्र कालचे दहा शब्द पुसून आजचे दहा येतात. कालचे पुन्हा भेटतच नाहीत.

दुसरी गोष्ट, क्रम. बाजारातली शब्दांची पुस्तकं बहुतेक अकारविल्हे असतात. त्यामुळे मूल इंग्रजीत 'गरज', 'कारण', 'तरीसुद्धा' यांचे शब्द शिकण्याआधी 'अबॅन्डन' शिकतं. शिवाय एकाच पानावर अडॅप्ट, अडेप्ट आणि अडॉप्ट येतात. दिसायला सारखे किंवा अर्थाने जवळचे नवे शब्द एकदम शिकवले तर ते डोक्यात एकमेकांत गुंततात, हे भाषाशिक्षणाच्या अभ्यासांतून दिसलं आहे. आपण मात्र समानार्थी आणि विरुद्धार्थी जोड्या एकाच दिवशी देतो आणि मूल गोंधळलं की त्याला ढ म्हणतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. यादीत एका शब्दाला एक अर्थ असतो, भाषेत तसं नसतं. हे आपल्या चळवळीतल्या उदाहरणाने बघू. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3 मध्ये जातीवरून अपमान आणि शिवीगाळ यांबाबत तीन शब्द आहेत: 'विदिन पब्लिक व्ह्यू'. यादीतला मुलगा म्हणेल, विदिन म्हणजे आत, पब्लिक म्हणजे सार्वजनिक, व्ह्यू म्हणजे दृश्य. तिन्ही बरोबर! पण जोडून अर्थ काय? 'सार्वजनिक ठिकाणी' असा तो लावला की केस तिथेच मेली, कारण आरोपीचा वकील म्हणणार, घटना खासगी अंगणातली आहे, ते सार्वजनिक ठिकाण नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या स्वरणसिंग निकालात हाच फरक समजावून सांगितला. 'पब्लिक प्लेस' वेगळं आणि 'पब्लिक व्ह्यू' वेगळं. जागा खासगी असेल, पण रस्त्यावरून किंवा गल्लीतून लोकांना दिसत असेल तर ती 'पब्लिक व्ह्यू'मध्ये येते. जबाब नोंदवताना 'तिथून जाणाऱ्यांना दिसत होतं, ऐकू येत होतं' हे एक वाक्य आलं की नाही, यावर केस उभी राहते किंवा पडते. त्या तीन शब्दांचा खरा अर्थ माहीत असलेला कार्यकर्ता पोलीस ठाण्यात ते वाक्य लिहायला लावतो.

त्याच कायद्याचं कलम 4 घ्या. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकावर कारवाई करण्याचं हे कलम. त्यात शब्द आहे 'विलफुली'. यादीत 'विल म्हणजे इच्छा' शिकलेलं पोर 'विलिंगली' आणि 'विलफुली' एकच समजतं. विलिंगली म्हणजे राजीखुशीने. विलफुली म्हणजे आपण काय टाळतोय ते कळत असूनही, जाणूनबुजून. अधिकाऱ्याने तक्रार घेतली नाही ती नजरचुकीने की जाणूनबुजून, हा सगळा झगडा त्या एका शब्दावर चालतो. राज्यघटनेच्या कलम 348 नुसार संसदेने वेगळी तरतूद करेपर्यंत सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत, आणि कायद्यांचा अधिकृत पाठही इंग्रजीत. आपली केस गावात मराठीत सुरू होते आणि वर जाता जाता इंग्रजी होते. तिथे आपला माणूस नुसता मान डोलावत बसणार का?

शब्द कोणाला फुकट मिळतात

समाजशास्त्रात पिएर बोर्द्यूने 'सांस्कृतिक भांडवल' ही कल्पना मांडली. शब्दसंग्रह हे त्याचं सगळ्यात सोपं उदाहरण. ज्या घरात इंग्रजी पेपर येतो, आजोबा बँकेतून निवृत्त झालेत, जेवताना आईवडील इंग्रजी मिसळून बोलतात, त्या घरातल्या मुलीला एखादा शब्द महिन्यात वीस वेळा वेगवेगळ्या वाक्यांत भेटतो. ती तो पाठ करत नाही, तिच्या अंगावर तो येऊन बसतो. मग शाळेत तिला हुशार म्हणतात. आपल्या पोराला तोच शब्द एकदाच भेटतो, फळ्यावर, एकटा, वाक्याविना. त्याला तो राहिला नाही तर आपणच म्हणतो, 'डोकं नाही रे याला.' डोकं आहे, त्याला त्या शब्दाच्या गाठीभेटी मिळालेल्या नाहीत. ज्या घरात त्या मिळत नाहीत त्या घराच्या वतीने त्या मिळवून देणं, हेच अभ्यासिकेचं काम. दहा शब्दांची यादी हे काम करत नाही. ती विषमता जशीच्या तशी ठेवते आणि दोष मुलाच्या माथी मारते.

आणि या न्यूनगंडावरच तर 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'वाल्यांचं दुकान चालतं. बाप हमाली करून फी भरतो. पोराला 'हाऊ आर यू'ची पन्नास वाक्यं आणि शब्दांची झेरॉक्स मिळते. तीस दिवसांत भाषा येत नाही, हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं. त्याने विकलेली असते ती आशा, आणि ती खोटी निघाली की पोर स्वतःलाच दोष देतं, फी परत मागत नाही.

मराठी बोलली म्हणून दंड?

काही वर्गांमध्ये नियम असतो, वर्गात मराठी बोलायची नाही, बोललात तर दहा रुपये दंड. आपल्या पोरांना भाषेवरून हिणवण्याचं काम शाळा इमानाने करतेच. वऱ्हाडी बोललं की 'शुद्ध बोल', 'ण'च्या जागी 'न' आला की वर्ग हसतो. आपल्या कित्येक मुलांना प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी मुलाला मराठीसुद्धा परकी असते. अशा पोराची बोली दारातच काढून ठेवायला लावणं म्हणजे त्याच्याकडे असलेलं एकमेव भांडवल जप्त करणं.

बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. पाली ही त्यांनी प्रौढपणी शिकलेली भाषा. ती शिकता शिकता त्यांनी पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केलं. महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापलं आहे. त्यातल्या कोशाच्या एका भागात पाली शब्दापुढे इंग्रजीबरोबरच मराठी, हिंदी आणि गुजराती अर्थही दिलेले आहेत. नवी भाषा शिकणाऱ्याने स्वतःची भाषा लपवावी, असं त्यांना वाटलं नाही. नव्या शब्दाला त्यांनी ओळखीच्या शब्दांच्या शेजारी बसवलं. दंड घेणाऱ्या सरांनी हा खंड जरूर उघडून बघावा.

शिवाय वस्तीत इंग्रजी शब्द नाहीत हा तर गैरसमजच आहे. ड्युटी, ओव्हरटाइम, सस्पेंड, पेंडिंग, कॉन्ट्रॅक्ट, जामिनाची बेल, दवाखान्याचा डिस्चार्ज. आपल्या आयाबायांच्या तोंडी हे शब्द रोज असतात. शिकवायला सुरुवात इथून करा. 'डिस्चार्ज' घ्या. आईला तो दवाखान्यातून माहीत आहे, पोराला मोबाईलच्या बॅटरीवरून. आता तिसरी जागा दाखवा: कोर्टात आरोपीला डिस्चार्ज मिळाला, म्हणजे खटला चालण्याआधीच तो सुटला. तिन्हीकडे समान काय? काहीतरी आत होतं, ते सोडून दिलं. पोराला तो शब्द आता घोकावा लागणार नाही, आणि आपल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या आईला एक इंग्रजी शब्द आपल्याआधी येत होता, हेही त्याला कळेल. तेही शिक्षणच आहे.

मग करायचं काय

नुसती टीका करून मोकळं व्हायचं नाही. या गोष्टी उद्यापासून करता येतील, आणि त्यांना फार पैसा लागत नाही.

एक, शब्द निवडा. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ वसाहतकाळात ढाक्यात शिक्षकांना घडवत होता. परकी भाषा शिकणाऱ्या बंगाली मुलांना वाचता यावं म्हणून त्याने सगळ्यात जास्त वापरातल्या शब्दांवर काम केलं, आणि त्यातूनच पुढे 1953 साली सुमारे 2000 शब्दांची त्याची यादी आली. साधारण इंग्रजी मजकुरातला सुमारे 80 टक्के भाग एवढ्या शब्दांत आणि त्यांच्या रूपांत मावतो. म्हणजे आधी हे 2000, 'अबॅन्डन' नंतर. त्यापुढे कॉलेजात जाणाऱ्यांसाठी ॲव्हेरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची 570 शब्दकुटुंबांची यादी आहे, विद्यापीठीय लेखनात सतत येणाऱ्या शब्दांची. आणि तिसरा संच आपला आपण करायचा: घटना, कायदा, शिष्यवृत्तीचा अर्ज, कामगार हक्क यांतले शब्द. हो, मी यादीच सुचवतो आहे. ही यादी शिक्षकाने काय निवडायचं ते ठरवायला आहे, पोरांनी घोकायला नाही.

दोन, दिवसाला दहा नकोत, आठवड्याला दहा पुरेत. पण तेच शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने पुन्हा विचारा. वाचून दाखवायला लावू नका, वही बंद करून आठवायला लावा. आठवण्याच्या प्रयत्नातच शब्द पक्का होतो.

तीन, शब्द एकटा देऊ नका. तो कोणाबरोबर येतो ते द्या. 'कम्प्लेंट' बरोबर 'फाइल' येतं, 'जस्टिस' बरोबर 'डिनाय' आणि 'डिलिव्हर' येतं. आणि त्याचं कुटुंब द्या: डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह. मग प्रत्येकाला स्वतःच्या आयुष्यावरचं एक वाक्य करू द्या. 'माय फादर फाइल्ड अ कम्प्लेंट' हे वाक्य ज्याच्या घरात घडलंय, तो ते विसरणार नाही.

चार, वाचायला द्या, आणि सोपं द्या. आधार न घेता वाचलेलं नीट समजायला मजकुरातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं पॉल नेशन आणि इतरांच्या अभ्यासातून दिसतं. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. दर ओळीला तीन शब्द अडत असतील तर ते वाचन नसतं, कोशातली पायपीट असते. पोराच्या हाती एकदम 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' देऊन 'वाच, बाबासाहेबांचं आहे' म्हणू नका. आधी मराठीत वाचून घ्या, चर्चा करा, मग इंग्रजीतला एखादा परिच्छेद. त्याआधी शिकणाऱ्यांसाठी सोप्या शब्दांत लिहिलेली पातळ गोष्टींची पुस्तकं. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात अशा पुस्तकांचं एक कपाट भरतं. हे वाक्य काहींना झोंबेल. झोंबू द्या.

पाच, उद्देशिका वापरा. मराठी आणि इंग्रजी पाठ शेजारी शेजारी ठेवून शिकवायला यापेक्षा चांगलं पान आपल्याकडे नाही. 'फ्रॅटर्निटी' म्हणजे बंधुता, एवढं लिहून पुढे जाऊ नका. 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये बाबासाहेब स्वतः या शब्दावर थांबतात. फ्रॅटर्निटी हा शब्द त्यांना अपुरा वाटतो, आणि बुद्ध ज्याला मैत्री म्हणतात तोच योग्य शब्द आहे, असं ते सांगतात. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष एका इंग्रजी शब्दाला अपुरा म्हणतो आणि बुद्धाचा शब्द पुढे ठेवतो! शब्द शिकणं म्हणजे असं शिकणं. मुलांना विचारा, बंधुता आणि मैत्री यांत फरक काय? बंधुतेत बहीण आहे का? वर्ग तासभर बोलेल, आणि तो शब्द त्यांच्या डोक्यातून परत जाणार नाही.

'पण स्पर्धा परीक्षेचं काय?'

हा प्रश्न येणारच. परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात, तिथे घोकल्याशिवाय कसं चालेल? चालणार नाही. परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत कार्डं करा, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि खुशाल पाठ करा. ज्याचा पाया आहे त्याला त्याचा उपयोगच होतो. पण सहावीतल्या पोराला परीक्षार्थी समजून शिकवू नका. शिवाय त्याच परीक्षांत उतारा वाचून उत्तरं द्यायची असतात, पुढे मुलाखतही असते. तिथे कोणाची यादी किती लांब होती, हे कुणी विचारत नाही.

'शिका' हा शब्द आपण रोज म्हणतो, भिंतींवर रंगवतो, टी-शर्टवर छापतो. त्याचा अर्थ 'घोका' असा आपण होऊ दिला तर उद्या आपली मुलं इंग्रजी बोलतीलही, पण समोरच्याने लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी त्यातला एक शब्द बोटाने दाखवून 'साहेब, याचा अर्थ काय लावलात तुम्ही?' असं विचारणार नाहीत. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपासून संविधान सभेपर्यंत आयुष्यभर समोरच्याच्या शब्दाला असाच जाब विचारला. आपल्या अभ्यासिकेत तयार व्हायला हवीत ती हा प्रश्न विचारणारी मुलं.

तेव्हा ज्यांच्या ज्यांच्या हातात अभ्यासिकेचा खडू आहे त्या सगळ्यांना विनंती आहे. येत्या सोमवारी फळ्यावर दहा शब्द लिहू नका. दोनच लिहा. आणि मुलांना विचारा, हा शब्द तुम्ही याआधी कुठे ऐकलाय? कुणाच्या तोंडून? कशासाठी? मग ऐका.

जय भीम!